२१६ दिवस : कॉन्स्टन्स बेकर मोटली यांची नेमणूक

२६ जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वंशभेदाविरुद्ध खटले लढवलेल्या कृष्णवर्णीय वकील कॉन्स्टन्स बेकर मोटली यांचं नाव सिनेटकडे पाठवलं. पद होतं न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयातल्या न्यायाधीशाचं. मंजुरी मिळाली ३० ऑगस्टला. मधल्या २१६ दिवसांत मोटलींच्या पात्रतेत काही भर पडली नव्हती आणि काही उणंही झालं नव्हतं. फाइल फक्त एका टेबलावर पडून होती. फेडरल न्यायाधीश कसा नेमला जातो हे समजून घ्यायला हे प्रकरण इतकं उपयोगी आहे, कारण त्यात नेमणुकीचा जवळजवळ प्रत्येक टप्पा कुठे ना कुठे अडकलेला दिसतो.

आधी पदाविषयी. अमेरिकेत राज्यांची न्यायालयं वेगळी आणि संघराज्याची, म्हणजे फेडरल, वेगळी. फेडरल उतरंडीतलं पहिलं न्यायालय म्हणजे जिल्हा न्यायालय. असे ९४ जिल्हे आहेत. साक्षी, उलटतपासणी, ज्युरी, पुरावा हे सगळं इथेच होतं. वरच्या अपील न्यायालयात फक्त कागद आणि युक्तिवाद जातात. ‘जिल्हा’ हा शब्द वाचून आपल्याकडचं जिल्हा न्यायालय डोळ्यांसमोर आणू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत मोठे दावे थेट दाखल होतात, तिथल्या न्यायमूर्तींशी तुलना जास्त जुळते. हा एकटा न्यायाधीश एखादा कायदा घटनाबाह्य ठरवू शकतो, विद्यापीठाला प्रवेश द्यायला लावू शकतो, तुरुंगाधिकाऱ्याला भरपाई भरायला लावू शकतो. पद तहहयात असतं. संविधानाच्या शब्दांत ‘सद्वर्तन असेपर्यंत’, आणि कार्यकाळात पगार कमी करता येत नाही. काढायचं तर महाभियोग हा एकच मार्ग. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत त्या मार्गाने दोषी ठरून पद गमावलेले फेडरल न्यायाधीश फक्त आठ.

आता गंमत अशी की या पदासाठी संविधानात पात्रतेची एकही अट नाही. वय नाही, वकिलीची वर्षं नाहीत, कायद्याची पदवीही नाही. आपल्याकडे थेट भरतीने जिल्हा न्यायाधीश व्हायला किमान सात वर्षांची वकिली लागते, हे संविधानातच लिहिलंय. तिकडे तसलं काही लिहिलेलं नसल्यामुळे पात्रता कशाला म्हणायचं हे प्रत्येक वेळी माणसं ठरवतात. ती माणसं कोण, यावर बरंच काही अवलंबून असतं.

मोटलींची कमाई

जन्म १४ सप्टेंबर १९२१, न्यू हेवन, कनेटिकट. आईवडील कॅरिबियन बेटांपैकी नेव्हिसहून आलेले, बारा भावंडांत ही नववी, वडील येल विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळांत स्वयंपाकी. कॉलेजला पैसे नव्हते. शहरातले एक धनिक बांधकाम व्यावसायिक, क्लॅरन्स ब्लेक्सली, यांनी एका सभेत तिचं बोलणं ऐकलं आणि शिक्षणाचा खर्च उचलला. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९४३ मध्ये अर्थशास्त्राची पदवी, कोलंबियातून १९४६ मध्ये कायद्याची.

शिकत असतानाच, १९४५ मध्ये, थर्गूड मार्शल यांनी त्यांना एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कायदा निधीत घेतलं. पुढची जवळजवळ वीस वर्षं त्यांनी दक्षिणेतल्या राज्यांत वंशभेदाविरुद्धचे खटले चालवले. सर्वोच्च न्यायालयात दहा प्रकरणं मांडली, नऊ जिंकली. हरलेलं एकमेव म्हणजे १९६५ चं स्वेन विरुद्ध अलाबामा, ज्युरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याबाबतचं.

यातला जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा दावा जरा जवळून पाहावा लागेल, कारण पुढच्या २१६ दिवसांचं मूळ तिथे आहे. मेरेडिथने मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मागितला, नाकारला गेला, आणि मे १९६१ अखेर दावा दाखल झाला. दावा होता फेडरल जिल्हा न्यायाधीश सिडनी माइझ यांच्यासमोर. सुनावणी पुन्हापुन्हा पुढे ढकलली गेली. डिसेंबरमध्ये माइझ यांनी तात्पुरता आदेश नाकारला, फेब्रुवारी १९६२ मध्ये दावाच फेटाळला, आणि विद्यापीठात वंशावरून प्रवेश नाकारला जातो याला पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. त्या विद्यापीठात तोवर एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी उघडपणे घेतला गेलेला नव्हता. जूनमध्ये अपील न्यायालयाने निर्णय उलटवला. तेवढ्यावरही थांबलं नाही. त्याच अपील न्यायालयातले एक न्यायाधीश, बेन कॅमेरॉन, यांनी एकामागून एक चार वेळा स्थगिती दिली. शेवटी १० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचे ह्यूगो ब्लॅक यांनी ती उठवली. १ ऑक्टोबर १९६२ रोजी मेरेडिथने नाव नोंदवलं, तेही दंगलीत दोन माणसं मेल्यानंतर.

जिल्हा न्यायाधीशाच्या हातात काय असतं याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायदा मेरेडिथच्या बाजूने आठ वर्षांपूर्वीच झाला होता. तरी तारखा कोणत्या द्यायच्या, पुरावा कोणता मानायचा, वस्तुस्थितीचा निष्कर्ष काय लिहायचा हे त्या एका खुर्चीत ठरत होतं. मोटली त्या खुर्चीसमोर उभ्या राहून हे शिकल्या होत्या.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या, तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. १९६५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन या विभागाच्या (बरोच्या) अध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पूर्ण मुदतीसाठी जिंकल्या. हे लोकनियुक्त पद सोडून त्या न्यायालयात जायला निघाल्या होत्या.

आधी वरची जागा, मग खालची

जॉन्सन यांच्या मनात आधी दुसरंच होतं. थर्गूड मार्शल ऑगस्ट १९६५ मध्ये सॉलिसिटर जनरल झाले आणि दुसऱ्या सर्किटच्या, म्हणजे न्यूयॉर्क ज्यात येतं त्या विभागाच्या, अपील न्यायालयातली त्यांची जागा रिकामी झाली. तिथे मोटलींचा विचार झाला, विरोध उठला, आणि ती जागा दक्षिण जिल्ह्यातलेच न्यायाधीश विल्फ्रेड फाइनबर्ग यांना गेली. फाइनबर्ग यांचं नाव मोटलींच्या आठवडाभर आधी सिनेटकडे गेलं आणि मार्चमध्ये मंजूरही झालं. मोटलींना देऊ केली गेली ती जिल्हा न्यायालयातली, आर्ची डॉसन यांच्या मृत्यूने रिकामी झालेली जागा.

ही वजाबाकी नेमणुकीच्या कागदांत कुठेही दिसत नाही. नोंद फक्त शेवटच्या नामांकनाची होते. त्याआधी कोणती नावं कोणत्या टेबलावर बाजूला ठेवली गेली, हे शोधावं लागतं. कोणत्याही न्यायाधीशाच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना ‘कोणती जागा मिळाली’ याच्या जोडीला ‘कोणती जागा त्या वेळी रिकामी होती’ हे तपासावंच.

नाव सिनेटमध्ये सुनावणीला येण्याआधी त्या काळी तीन गाळण्या असत. पहिली, त्या राज्याचे सिनेटर. १९१७ पासून चालत आलेली ‘ब्लू स्लिप’ प्रथा अशी की सिनेटची न्याय समिती त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांना निळ्या कागदावर मत विचारते; चिठ्ठी परत आली नाही तर नाव पुढे सरकत नाही. हा कायदा नाही, समितीचा रिवाज आहे, पण जिल्हा न्यायालयांसाठी तो आजवर टिकलाय. मोटलींना इथे अडचण नव्हती. न्यूयॉर्कचे सिनेटर रॉबर्ट केनेडी त्यांच्या बाजूने होते. दुसरी गाळणी एफबीआयची चौकशी. तिसरी अमेरिकन बार असोसिएशनची समिती. आयझेनहॉवर यांच्या काळापासून, १९५३ पासून, तिचं मत घेतलं जाऊ लागलं. मोटलींना तिने ‘पात्र’ म्हटलं, त्यावरची श्रेणी दिली नाही.

सर्वोच्च न्यायालयात दहापैकी नऊ प्रकरणं जिंकलेल्या वकिलाला नुसतं ‘पात्र’? माझ्या मते चूक मोजपट्टीत होती. मोठ्या फर्ममधली वकिली, व्यापारी दावे, न्यूयॉर्कच्या न्यायालयांतली वर्षं ही त्या मोजपट्टीवर चढती खूण होती. बर्मिंगहॅम, अटलांटा, जॅक्सन इथल्या न्यायालयांत शत्रुत्वाने पाहणाऱ्या न्यायाधीशांसमोर साक्षीदार तपासणं या अनुभवाला तिथे रकानाच नव्हता. त्या काळात बड्या फर्म कृष्णवर्णीय स्त्रीला नोकरीच देत नसत. म्हणजे जो दरवाजा बंद होता त्यातून आत का आला नाहीत, असं विचारण्यासारखं ते होतं.

ईस्टलंड यांचं टेबल

सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड. १९५६ ते १९७८, सलग बावीस वर्षं. ते जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे, आणि सिनेटमध्ये पक्षाकडे दोनतृतीयांशांहून जास्त जागा. आजच्या वाचकाला वाटेल, मग अडलं कशाला? अडलं, कारण अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळायचं, आणि सुनावणीची तारीख व बैठकीची विषयपत्रिका अध्यक्षाच्या हातात असायची. नाव हाणून पाडायला बहुमत लागतं, पण लटकवत ठेवायला एक माणूस पुरतो.

मेरेडिथ प्रकरणात ज्यांच्या राज्याची अब्रू गेली, त्यांच्याच टेबलावर मेरेडिथच्या वकिलाची फाइल आली होती. ईस्टलंड यांनी मोटली कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला. सिद्ध काही झालं नाही. पण अशा आरोपाचा उपयोग सिद्ध होण्यात नसतोच. आरोप आला की खुलासा मागवायचा, खुलासा आला की तो तपासायला वेळ घ्यायचा, तोवर अधिवेशनाचे महिने जातात.

याच समितीची दुसरी चाल पाहिली की हा वेग कामाच्या ओझ्यामुळे नव्हता हे कळतं. ईस्टलंड यांचे कॉलेजातले खोलीसोबती विल्यम हॅरल्ड कॉक्स यांचं मिसिसिपीच्या दक्षिण जिल्ह्यासाठीचं नाव जून १९६१ मध्ये आलं आणि जून १९६१ मध्येच मंजूर झालं. थर्गूड मार्शल यांचं नाव त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेलं, मंजुरी मिळाली पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये.

मार्शल यांच्या वेळी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी एक पळवाट वापरली होती. सिनेट सुट्टीवर असताना राष्ट्राध्यक्ष हंगामी नेमणूक करू शकतात. मार्शल ऑक्टोबर १९६१ पासून तसे कामाला लागले. पण या वाटेत खोट आहे. अशी नेमणूक सिनेटच्या पुढच्या सत्राच्या अखेरीस आपोआप संपते, म्हणजे तेवढे महिने न्यायाधीशाला तहहयात पदाचं संरक्षण नसतं, आणि मंजुरी देणाऱ्यांच्या नजरेखाली निकाल लिहावे लागतात. मोटलींच्या बाबतीत हा मार्ग घेतला गेला नाही. त्या थांबल्या. ३० ऑगस्टला सिनेटने मंजुरी दिली आणि त्याच दिवशी नेमणूकपत्र निघालं. अमेरिकेतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश. वार्षिक वेतन त्या वेळी ३०,००० डॉलर.

आज यातलं काय बदललंय? २१ नोव्हेंबर २०१३ पासून सिनेटमध्ये अशा नावांवरची चर्चा थांबवायला ६० मतांऐवजी साधं बहुमत पुरतं. एप्रिल २०१९ पासून जिल्हा न्यायाधीशांच्या नावावर चर्चा थांबवल्यानंतरचे ३० तास दोनवर आले. उमेदवार लांबलचक प्रश्नावली भरतो. त्यात दहा सर्वांत महत्त्वाची प्रकरणं, सगळी भाषणं, सगळं लेखन, आर्थिक तपशील असतो. एखादं जुनं भाषण राहून गेलं तर ते सुनावणीत लपवाछपवी म्हणून समोर येतं, आणि बऱ्याच नावांचा घात तिथेच होतो. मात्र समितीची विषयपत्रिका अध्यक्षाच्याच हातात आहे.

खुर्चीत बसल्यावर

दक्षिण जिल्ह्यात प्रकरणं सोडतीने वाटली जातात; न्यायाधीशाने आपल्या आवडीचा दावा निवडायचा नसतो. तरीही तीन निकाल मोटलींच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

मार्टिन सोस्ट्रे हा ग्रीन हेवन तुरुंगातला कैदी. कायदा शिकून तो स्वतःचे आणि इतरांचे अर्ज लिहायचा. त्याला एकांतकोठडीत टाकलं, २५ जून १९६८ पासून. मोटलींच्या आदेशाने तो बाहेर आला २ जुलै १९६९ ला. दिवस झाले ३७२. मे १९७० च्या निकालात त्यांनी हिशेब मांडला. दर दिवसाला २५ डॉलर भरपाई आणि १० डॉलर दंडात्मक रक्कम. ३७२ गुणिले ३५, एकूण १३,०२० डॉलर. शिवाय अशी शिक्षा देण्याआधी लेखी आरोप आणि सुनावणी हवी, आणि ती पंधरा दिवसांपलीकडे जाऊ नये असे नियम घालून दिले.

पुढच्या वर्षी अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने भरपाईचा भाग ठेवला, दंडात्मक रक्कम आणि सर्वसाधारण नियम काढून टाकले. का टिकलं आणि का गेलं, यातली रेघ जिल्हा न्यायाधीशाच्या कामाची नेमकी मर्यादा दाखवते. अमुक माणसाला तमुक कारणासाठी इतके दिवस कोंडलं, हा वस्तुस्थितीचा निष्कर्ष. तो साक्षी ऐकलेल्या न्यायाधीशाचा असतो आणि वरचं न्यायालय त्याला सहसा हात लावत नाही. सगळ्या तुरुंगांसाठी नियम घालणं हा कायद्याचा प्रश्न. तिथे वरचं न्यायालय पाटी कोरी करून पाहतं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या प्रकरणात कैद्यांना लेखी आरोपाचा हक्क मान्य केला, म्हणजे मोटलींचा विचार पूर्ण वाया गेला नाही.

दुसरं प्रकरण १९७५ चं, आणि माझ्या दृष्टीने हेच या अभ्यासाचं मर्म. सलिव्हन अँड क्रॉमवेल या मोठ्या लॉ फर्मवर स्त्री-वकिलांना डावलल्याचा दावा होता. फर्मने अर्ज केला की मोटलींनी प्रकरणातून बाजूला व्हावं, कारण त्या स्वतः स्त्री आहेत, कृष्णवर्णीय आहेत, आणि भेदभावाविरुद्धचे खटले लढवलेल्या आहेत. अशा अर्जासाठी कायद्याने पक्षकाराला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि त्यात त्या विशिष्ट प्रकरणाबद्दल किंवा पक्षकाराबद्दल वैयक्तिक पूर्वग्रह दाखवणाऱ्या घटना लागतात. नुसती पार्श्वभूमी चालत नाही. मोटलींनी अर्ज फेटाळला. त्यांचा मुद्दा सरळ होता. वंश, लिंग किंवा आधीची वकिली हे कारण पुरेसं धरलं, तर या न्यायालयातला एकही न्यायाधीश हा दावा ऐकू शकणार नाही. कारण प्रत्येकाला कुठला तरी वंश आहे, लिंग आहे, आणि बहुतेकांनी आधी नामांकित फर्ममध्ये किंवा सरकारसाठी वकिली केलेली आहे.

पुढे असे अर्ज आले की वकील अजूनही या निर्णयाचा आधार घेतात. १९६६ मध्ये समितीत जी पार्श्वभूमी आडवी आली, तीच १९७५ मध्ये अर्जाच्या रूपाने परत आली होती. फरक इतकाच, की या वेळी निर्णय लिहिणारं टेबल त्यांचं होतं.

तिसरं, १९७८ चं. पत्रकार मेलिसा लुडकी यांना बेसबॉलच्या १९७७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यँकी स्टेडियमवरच्या खेळाडूंच्या खोलीत जाऊ दिलं नव्हतं. पुरुष पत्रकार आत जाऊन मुलाखती घेत होते. बचाव होता खेळाडूंच्या खाजगीपणाचा. मोटलींनी दोन गोष्टी पाहिल्या. एक, स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं आहे, तेव्हा हा नुसता खाजगी क्लबचा कारभार नाही, संविधानाचं समान संरक्षण लागू होतं. दोन, खाजगीपणासाठी सरसकट बंदीच हवी का? खेळाडूंनी टॉवेल गुंडाळावा, कप्प्यापुढे पडदा लावावा, झुलतं दार बसवावं. निकाल लुडकींच्या बाजूने गेला. घटनेचा मोठा प्रश्न पडद्याच्या कापडापर्यंत खाली आणणं, हे काम खटला चालवलेल्या माणसालाच सुचतं.

शेवटची वर्षं

१९८२ मध्ये मोटली त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. हे पद निवडणुकीने किंवा मर्जीने मिळत नाही. नेमणूकपत्राच्या तारखेनुसार सर्वांत ज्येष्ठ, ६५ वर्षं पूर्ण न झालेल्या, नियमित न्यायाधीशाकडे ते जातं. म्हणजे ३० ऑगस्ट १९६६ ही उशिरा मिळालेली तारीखच इथे कामाला आली. उमेदवाराला उशीर झाला की पुढच्या ज्येष्ठतेतही तो उतरतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

१४ सप्टेंबर १९८६ ला त्यांना ६५ वर्षं पूर्ण झाली. सेवा वीस वर्षांची झाली होती. ६५ वय आणि किमान १५ वर्षं सेवा झाली की ‘ज्येष्ठ दर्जा’ घेता येतो. पूर्ण वेतन राहतं, काम कमी करता येतं, आणि नियमित जागा नव्या नामांकनासाठी मोकळी होते. ३० सप्टेंबरला मोटलींनी तो घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॅटसन विरुद्ध केंटकी या निकालात ज्युरीतून वंशावरून नावं वगळायला मनाई केली होती. त्यांचं हरलेलं एकमेव प्रकरण, स्वेन, एकवीस वर्षांनी त्यांच्या बाजूने लागलं होतं. अपील न्यायालयात त्या कधी गेल्या नाहीत. ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून त्याच न्यायालयाच्या पटावर राहिल्या, २८ सप्टेंबर २००५ ला निधन होईपर्यंत.